कपलरमधील टर्मिनलची पकड तपासण्यासाठी कोणते साधन वापरावे?

प्रश्न
माझ्या गाडीच्या रेडिएटरचा पंखा त्याचा कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा सांधा) हलवला की बंद पडतो आणि पुन्हा हलवला की सुरू होतो. कपलर उघडून पाहिला असता वायर कुठे तुटलेली नाही, कार्बन धरलेला नाही, आणि मल्टिमीटरचा जोडणी तपासणारा बझरही व्यवस्थित वाजतो. फीमेल टर्मिनल (समोरची पिन ज्यात शिरते तो धातूचा भाग) सैल झाले असावे असा संशय आहे, परंतु नुसते पाहून ते ठरवता येत नाही. मीटरचा प्रोब आत घातला तेव्हा तो चांगला घट्ट लागला, त्यामुळे गोंधळ अधिकच वाढला. पकड तपासण्यासाठी एखादे गेज असते का, आणि असल्यास त्याचे माप कसे ठरवावे?

उत्तर 1
तो प्रोब त्या टर्मिनलमध्ये कृपया पुन्हा घालू नये. प्रोबचे टोक गोल व निमुळते असते, तर टर्मिनलच्या आतील स्प्रिंगसारखी पट्टी ठरावीक जाडीच्या चपट्या पिनसाठी घडवलेली असते. त्यामुळे प्रोब घट्ट लागला याचा अर्थ एवढाच, की तो त्या पट्टीला फाकवत होता. तपासणीपूर्वी ठीक असलेले टर्मिनल तपासणीनंतर सैल झाल्याची उदाहरणे मी बरीच पाहिली आहेत.

योग्य साधन म्हणजे त्याच मालिकेची (म्हणजे त्याच बनावटीची व मापाची) नवी मेल पिन. वेगवेगळ्या मापांच्या पिना लावलेल्या टेस्ट लीडचे तयार संच मिळतात, पण एकाच कपलरसाठी संच घेण्याची गरज नाही. नव्या पिनेला वीतभर वायर क्रिंप करून (दाबून पक्की बसवून) घ्यावी, ती पिन फीमेल टर्मिनलमध्ये सरळ घालावी आणि हलक्या हाताने बाहेर ओढावी. चांगले टर्मिनल पिनेला धरून ठेवते आणि ओढताना सलग, एकसारखा अडसर जाणवतो. सैल टर्मिनलमधून पिन अलगद निसटते. किती अडसर पुरेसा, हे बोटांना कळण्यासाठी आधी त्याच प्रकारच्या नव्या फीमेल टर्मिनलमध्ये दोन-तीनदा ओढून पाहावे.

मापाबाबत सांगायचे तर 0.64, 1.5, 2.8, 4.8 आणि 6.3 मिमी ही चपट्या किंवा चौकोनी पिनांची नेहमी आढळणारी रुंदी आहे. समोरच्या कपलरमधील पिन व्हर्नियरने मोजावी, मात्र केवळ रुंदीवर थांबू नये. 2.8 मिमीची पिन 0.5 मिमी आणि 0.8 मिमी अशा दोन्ही जाडींत येते. पातळ पिनेने तपासल्यास चांगले टर्मिनलही सैल वाटेल आणि जाड पिनेने ते कायमचे फाकेल.

उत्तर 2
वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त बझर का वाजतो ते सांगतो. मीटर जोडणी तपासताना अगदी क्षीण प्रवाह सोडतो, आणि तेवढ्यासाठी टर्मिनल एका बिंदूवर टेकले तरी पुरते. पंखा 10 अँपिअर घेत असेल आणि सांध्यात 0.1 ओहम रोध असेल, तर तिथे 1 व्होल्ट खर्ची पडतो व 10 वॅट उष्णता निर्माण होते. मीटरच्या स्वतःच्या लीडचाच रोध साधारण एवढा असल्याने ओहममध्ये मोजून हा दोष सापडत नाही. म्हणून पंखा चालू ठेवून सांध्याच्या दोन्ही बाजूंमधील व्होल्टेज ड्रॉप (तिथे खर्ची पडणारे व्होल्टेज) मोजावा आणि त्या वेळी कपलर हलवत राहावे. टर्मिनलभोवतीचे प्लास्टिक तपकिरी झाले असेल, तर पिनेने तपासत बसण्यातही अर्थ नाही. तापून स्प्रिंगचा ताण गेलेला असतो.

याशिवाय प्रत्येक वायर मागून हलकेच ओढून पाहावी. लॉक तुटल्यामुळे टर्मिनल मागे सरकले असेल, तरी लक्षणे अगदी अशीच दिसतात. (एअरबॅगच्या पिवळ्या कपलरवर मात्र यांपैकी कोणताही प्रयोग करू नये.)

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. पिन 2.8 मिमी रुंद आणि 0.8 मिमी जाड निघाली. नवी पिन घालून ओढली असता अर्थच्या टर्मिनलने ती धरून ठेवली, तर सप्लायच्या टर्मिनलमधून ती कपलर उलटा करताच खाली पडली. मी प्रोब घातला होता तो नेमका त्यातच, त्यामुळे मूळ दोष किती आणि माझी भर किती, हे आता सांगता येणार नाही. सुईने पट्टी वर उचलून काम भागेल का?

उत्तर 1
घरी पोहोचण्यापुरते भागेल. एकदा फाकलेली पट्टी पुन्हा वाकवली तरी मूळचा ताण परत येत नाही आणि पंख्याच्या उष्णतेत ती लवकरच सैल पडते. टर्मिनल बदलावे, आणि समोरच्या पिनेवर कथिलाचा मुलामा असेल तर नवे टर्मिनलही कथिलाच्याच मुलाम्याचे घ्यावे. तुमच्याकडे आता तयार असलेली ती वायर लावलेली पिन फेकू नका. नवे टर्मिनल कपलरमध्ये बसवण्यापूर्वी तिनेच एकदा तपासून घ्या.