२०२६ चे नियम: सरळ पट्ट्यावर गाडी स्वतःच मंदावणार असेल, तर शर्यत कोणाची?

सड्यावरचा, रत्नागिरी

सर्वांना नमस्कार. ८ मार्चला मेलबर्नला फॉर्म्युला वनचा नवा हंगाम सुरू होतो आहे आणि गाडीतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट एकदम बदलते आहे. बहुतेक बदलांबद्दल माझी तक्रार नाही. किमान वजन ८०० किलोवरून ७६८ वर येणार, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर, २०० मिलिमीटरने आणि रुंदी १०० मिलिमीटरने कमी होणार, हे तर आपण कित्येक वर्षे मागतच होतो. मला सलते आहे ते विजेचे गणित.

मागच्या चाकांना जोर देणारी एमजीयू-के ही मोटर आतापर्यंत १२० किलोवॅटची होती. ती आता ३५० ची होते आहे आणि १.६ लिटरच्या इंजिनाची ताकद साधारण ५५० किलोवॅटवरून ४०० च्या आसपास उतरवली आहे. म्हणजे जवळपास निम्मा जोर विजेचा. बॅटरीचा वापरता येणारा साठा मात्र पूर्वीइतकाच, ४ मेगाज्यूल. कागद घेऊन भागाकार करून पाहा: १२० किलोवॅटने तो साठा ३३ सेकंद पुरत होता, ३५० ने साडेअकरा सेकंदांत संपतो. एका फेरीत साडेआठ मेगाज्यूलपर्यंत वीज परत भरता येईल असे नियम सांगतो. पण तेवढी भरायला मोटरला पूर्ण क्षमतेने चोवीस सेकंद ओढावे लागेल, आणि मोंझासारख्या ट्रॅकवर, जिथे फेरीच्या तीन चतुर्थांशांहून अधिक वेळ अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतो, तेवढा वेळ ब्रेकवर पाय असतोच कुठे? उरलेली वीज मग वळणाच्या बरीच आधी पाय उचलून मिळवायची, किंवा पाय दाबलेला असतानाच इंजिनाचा काही जोर मोटरकडे वळवून, म्हणजे गाडी सरळ पट्ट्यावरच मंदावून. रेड बुलचा चालक मॅक्स व्हर्स्टापेन याने मोंझाचेच उदाहरण देऊन २०२३ मध्ये ही भीती बोलून दाखवली होती.

माझ्याकडे विजेची स्कूटर आहे आणि मी रोज गोळपच्या सड्यावरून भाट्याकडे उतरतो, म्हणून हा विषय मला अगदी हाताशी असल्यासारखा वाटतो. उतारावर थ्रॉटल सोडला की मोटर उलट काम करून बॅटरी भरू लागते आणि पडद्यावरचा हिरवा पट्टा हळूहळू सरकतो. पण घरून शंभर टक्के भरून निघालो, तर त्याच उतारावर बॅटरीत काहीच मावत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तेव्हापासून मी नव्वद टक्क्यांवर चार्जर काढतो. कामाला जाणाऱ्या माणसाने असे करणे शहाणपणाचे आहे. परंतु जगातल्या सर्वांत वेगवान चालकांनी ताशी ३०० किलोमीटरवर हाच हिशेब करत बसावे का? जाणकारांनी मनापासून मत द्यावे.

बंदरावरचा मेकॅनिक, मिरकरवाडा

दादा, आपले गणित बरोबर आहे, पण आपण बॅटरीकडे पाहता पाहता टर्बोला, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याला, विसरलात. २०१४ पासून गाडीत एमजीयू-एच होता. तो टर्बोच्या दांड्यालाच जोडलेला असल्यामुळे वाया जाणाऱ्या धुरातून वीज काढत असे, आणि गरज पडली की तीच वीज परत देऊन टर्बो फिरता ठेवत असे. चालकाने पाय ठेवला की ताकद हजर. तो आता काढून टाकला आहे, कारण भाग महागडा आणि किचकट होता आणि आउडीसारखे नवे निर्माते त्याच्यामुळे यायला तयार नव्हते.

मी गेली पंधरा वर्षे ट्रॉलरची इंजिने खोलतो. जाळे पाण्यात ओढत असताना तांडेलाने थ्रॉटल एकदम पुढे ढकलला, तर आधी नळीतून काळा धूर येतो, इंजिन क्षणभर गुदमरल्यासारखे होते, आणि मग टर्बो फिरायला लागल्यावर होडी उचल खाते. ती मधली उसंत जो ओळखतो, तो लाट येण्याच्या आधीच थोडा थ्रॉटल देऊन ठेवतो. फॉर्म्युला वनमध्ये आता हीच उसंत परत येणार आहे. शर्यत सुटण्यापूर्वी टर्बो फिरता करण्यासाठी चालकाला इंजिन अधिक वेळ चढे ठेवावे लागेल आणि हळू वळणातून बाहेर पडताना कोणता गिअर धरायचा याचा विचार करावा लागेल. हे पायाचे कसब आहे, आणि ते परत येत असल्याचा मला खरोखर आनंद आहे.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर आमच्या धंद्यातल्या माणसाचा डोळा पडणारच. कॉम्प्रेशनचे प्रमाण, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती पटीने दाबली जाते तो आकडा (जास्त तितकी ताकद जास्त), १८ वरून १६ वर आणले आहे, आणि ते मोजायचे इंजिन थंड असताना, असे नियमाचे मूळ शब्द होते. धातू तापला की वाढतो, हे ज्याने टॅपेटचा गाळा एकदा तरी फिलर गेज घालून बसवला आहे त्याला सांगावे लागत नाही. थंड असताना १६ असलेले प्रमाण गरम झाल्यावर काय असेल, हा प्रश्न मला बॅटरीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

देवगडचा जुना प्रेक्षक

सड्यावरच्या मित्राच्या मूळ प्रश्नाला सरळ उत्तर देतो. हिशेब करत शर्यत चालवणे या खेळाला नवे नाही. १९८४ मध्ये शर्यतीत इंधन भरण्यास बंदी आली आणि १९८६ मध्ये टर्बो गाड्यांना संपूर्ण शर्यतीसाठी १९५ लिटर इंधनाची मर्यादा होती. त्या वर्षी हॉकेनहाइमला शेवटच्या फेरीत अलँ प्रॉस्टचे इंधन संपले आणि तो गाडीतून उतरून ती ढकलत होता. ते दृश्य मी खूप नंतर, चित्रफितीत पाहिले, पण विसरलो नाही. त्याच प्रॉस्टने त्या वर्षीचे विजेतेपद मिळवले. गाडी कधी पळवायची आणि कधी सांभाळायची हे त्याच्याइतके कोणाला कळत नव्हते, आणि म्हणून त्याला कमी प्रतीचा चालक कोणी म्हटलेले मला तरी माहीत नाही.

माझी काळजी वेगळी आहे. नियम मुळापासून बदलले की कोणीतरी एकजण इतरांच्या फार पुढे निघून जातो. २००९ मध्ये ब्रॉन संघाच्या दुहेरी डिफ्यूझरमुळे (गाडीच्या मागे तळाशी असलेला, हवेच्या प्रवाहाने गाडी रस्त्याला धरून ठेवणारा भाग) त्यांचा चालक जेन्सन बटनने पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकल्या. २०१४ मध्ये मर्सिडीजने १९ पैकी १६ जिंकल्या आणि त्या वर्षापासून सलग आठ वर्षे संघांचे विजेतेपद त्यांच्याकडेच राहिले. या वेळी फेरारी, मर्सिडीज, होंडा, आउडी आणि रेड बुल-फोर्ड असे पाच इंजिन-निर्माते आहेत. त्यांपैकी जो मागे पडेल त्याला ठरावीक टप्प्यांवर सुधारणेची जादा मुभा मिळण्याची सोय केली आहे, ही चांगली गोष्ट. पण इंजिन आणि गाडीला हवेच्या जोराने रस्त्यावर दाबून ठेवणारे पंख दोन्ही एकाच वर्षी बदलायला नको होते, हे माझे ठाम मत आहे. एक बदल यंदा, दुसरा दोन वर्षांनी, असे केले असते तर संघांना सावरायला वेळ मिळाला असता.

मालवणी किनारा

देवगडच्या काकांशी मी या एका बाबतीत असहमत आहे. इंजिन आणि पंख वेगळे करताच येत नव्हते. इंजिनाची ताकद कमी झाल्यावर हवेचा रोध कमी केल्याशिवाय ही वीज पुरलीच नसती, आणि म्हणूनच पुढचा व मागचा असे दोन्ही पंख आता सरळ पट्ट्यावर आडवे होतील आणि वळणापूर्वी पुन्हा उभे राहतील. २०११ पासूनचा डीआरएस, म्हणजे मागचा पंख उघडून वेग वाढवण्याची सोय, शर्यतीत फक्त पाठलाग करणाऱ्याला मिळत असे. हे पंख नेमून दिलेल्या पट्ट्यांवर सर्वांनाच वापरता येतील. माझे आजोबा शिडाच्या होडीवर तांडेल होते. शीड कधी सोडायचे आणि कधी आवरायचे यावरच त्यांची सगळी वाट अवलंबून असे, आणि ते आवरायला क्षणभर उशीर झाला तर होडी कलंडत असे. पंख वेळेवर परत उभे राहिले नाहीत तर वळणावर काय होईल, याची कल्पना मला त्यावरून येते.

ओलांडण्याची युक्ती आता विजेत आहे. ताशी २९० किलोमीटरच्या पुढे मोटरचा जोर कमी कमी होत जातो. परंतु पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत असलेल्याला तो ३३७ पर्यंत पूर्ण मिळतो आणि वर अर्धा मेगाज्यूल जादा. म्हणजे पुढच्याने वीज आधीच उधळली असेल तर तो पट्ट्याच्या शेवटी उघडा पडणार. दोघांनी एकमेकांच्या बॅटरीचा अंदाज घेत वळणावळणावर डाव टाकणे ही मला पूर्ण अर्थाने शर्यत वाटते, आणि ती डीआरएसपेक्षा नक्कीच अधिक रंगेल.

सड्यावरचा, रत्नागिरी

सर्वांचे मनापासून आभार. मेकॅनिक दादांचे टर्बोबद्दलचे म्हणणे मला पटले; त्या बाजूने मी विचारच केला नव्हता. प्रॉस्टचे उदाहरणही मान्य आहे, पण त्यामुळेच माझी शंका अधिक स्पष्ट झाली. प्रॉस्टने पाय उचलला तो स्वतःच्या निर्णयाने. चालकाने वळणाआधी पाय उचलून वीज वाचवली तर ते त्याचे कसब आहे, हे मी आता मान्य करतो. मात्र पाय पूर्ण दाबलेला आहे, समोर पट्टा मोकळा आहे, आणि तरीही आधी भरून ठेवलेल्या आज्ञावलीप्रमाणे गाडी आपणहून मंदावते, तेव्हा तो निर्णय संघाच्या संगणकावर आठवड्यापूर्वीच झालेला असतो. तिथे चालकाकडे काहीच उरत नाही, आणि माझा आक्षेप तेवढ्यापुरता आहे.

८ तारखेला रविवार आहे आणि आपल्याकडे शर्यत सकाळीच दिसेल. गाडीतल्या कॅमेऱ्याचे चित्र आले की मी दोनच गोष्टी पाहणार आहे: अ‍ॅक्सिलरेटरचा पट्टा पूर्ण भरलेला असताना शेजारचा वेगाचा आकडा उतरतो का, आणि उतरत असेल तर ब्रेक लागण्याच्या किती आधी. आपणही पाहावे आणि त्याच दिवशी इथे लिहावे. मेकॅनिक दादांनी आवाज ऐकावा. मोटर इंजिनाला ओढू लागली की ते त्यांना आकड्याच्या आधी कळेल.