सॅटेलाइट फोटोंत शेततळी शोधतोय, लेबल एकही नाही, काय चुकतंय?

गोदाकाठचा
मंडळी, एम.ई.चा प्रोजेक्ट आहे. नाशिक जिल्ह्याचे सेंटिनेल-२ उपग्रहाचे फोटो घेतले, ६४ बाय ६४ पिक्सेलचे तुकडे पाडले आणि लेबलं (कुठल्या तुकड्यात तळं आहे याच्या खुणा) नसल्यामुळे सरळ ऑटोएन्कोडर (फोटो थोडक्या आकड्यांत दाबून त्यांतून परत काढणारं मॉडेल) ट्रेन केला. निफाडकडचं शेततळं असलेला एक तुकडा द्यायचा आणि त्याच्या आकड्यांशी जुळणारे बाकीचे शोधायचे एवढंच करायचंय, पण पहिल्या वीसात तळी दोनच, बाकी नुसत्या द्राक्षबागा, आणि जुलै-ऑगस्टचे फोटो टाकले की ढगाला ढग भेटतो. लॉस (मॉडेलची चूक) तर मस्त खाली आलाय. मॉडेल मोठं करू का? सर म्हणतात हॅशिंग (आकड्यांचे छोटे कोड करून झटपट शोधणं) पण कर, नाहीतर सर्च स्लो होईल.

बँड_आठ
मॉडेल राहू दे, आधी हिशोब कर. पिक्सेल १० मीटरचा, तळं ३० बाय ३० मीटरचं धरलं तर झाले ९ पिक्सेल. तुझ्या तुकड्यात आहेत ४०९६, म्हणजे शंभरेक एकर. ऑटोएन्कोडरला फोटो जसाच्या तसा परत काढायचाय, ९ पिक्सेल चुकले तर त्याचं काय जातंय, लॉस खाली येणारच! तुकडे १६ चे कर, अर्धे एकमेकांवर चढवून, म्हणजे तळं कडेला कापलं जात नाही. ढगांसाठी लेव्हल-२ए चा डेटा घे, त्यात कुठला पिक्सेल ढगाचा हे सांगणारा एससीएल थर असतो, त्यावरून ढगाळ तुकडे आधीच गाळ.
हॅशिंगचं म्हणशील तर ६४ च्या तुकड्यांत अख्खा जिल्हा ३८ हजारांत बसतो. १६ चे चढवून केलेस तरी एका तारखेचे २४ लाख, दर तुकड्यामागे १२८ आकड्यांचा वेक्टर (आकड्यांची यादी) धरला तर सव्वा जीबी, लॅपटॉपवर आरामात चालतं. कोटींत गेलास की बघू.

दिंडोरीकर
आमची बाग आहे म्हणून सांगते, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बाग उघडीबोडकी दिसते आणि जानेवारीत गच्च हिरवी, मॉडेलला त्या दोन वेगळ्या जागा वाटणारच. त्यापेक्षा कॉन्ट्रास्टिव्ह घे, म्हणजे जोडीतले फोटो सारखे आणि बाकीचे वेगळे मानायला मॉडेल शिकतं; एकाच जागेचे दोन तारखांचे फोटो जोडी म्हणून दे. फक्त कुत्र्या-मांजरांच्या फोटोंना करतात तसा रंग इकडेतिकडे करू नकोस, इथे रंग हीच माहिती आहे, नियर इन्फ्रारेडमध्ये पाणी काळंकुट्ट दिसतं. आणि हो, या जोड्यांमुळे तळं भरलेलं की कोरडं हे मॉडेल विसरायला शिकतं. तुला नुसती तळी हवीत ना? मग चालेल.

गोदाकाठचा
१६ चे तुकडे केले, ढग गाळले, वीसात १३ तळी!! उरलेल्यांत पॉलीहाऊस आणि एक पाणी भरलेली खाण. जोड्यांचं आज रात्री लावतो.

बँड_आठ
वीसातली १३ ठीक, पण सुटली किती? ट्रेनिंगला लेबल नको, तपासायला लागतंच.

गोदाकाठचा
रविवारी गाडी काढून पिंपळगाव साइडला जातो, पन्नासेक तळी मोबाइलवर मार्क करून आणतो.

दिंडोरीकर
बांधावरूनच मार्क कर, आत उतरू नकोस. त्या प्लास्टिकवरून पाय घसरला की वर येता येत नाही.