बारा बोअर आणि नेम

घराच्या रक्षणासाठी बारा बोअरची शॉटगन (छर्ऱ्यांची बंदूक) असली की छर्रे पसरतात, त्यामुळे नेम धरायची गरज नाही, असं काही जण म्हणतात; ते पटत नाही. ठाण्यातल्या टू-बीएचकेत दारापासून बेडरूमपर्यंत अंतर असतं किती? चार-पाच मीटरवर पसारा जेमतेम तळहाताएवढा असतो, म्हणजे नेम धरावाच लागतो. आणि चुकलेले मोठे छर्रे जिप्समचं पार्टिशन किंवा फ्लश डोअर सहज पार करतात. पलीकडे शेजारी असतात.

स्वस्तातली पंप अ‍ॅक्शन, म्हणजे पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस बदलायची शॉटगन, बिघडण्यापेक्षा हाताळणीतच जास्त फसते. घाबरलेला माणूस पुढची मूठ अर्धवटच मागे ओढतो, मग रिकामं काडतूस नीट बाहेर पडत नाही किंवा पुढचं वर येत नाही. मूठ शेवटपर्यंत मागे, शेवटपर्यंत पुढे, हा सराव डमी काडतुसांवर करा, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून. सेकंडहँड घेताना नळीवर कोरलेली चेंबरची (काडतूस बसायच्या जागेची) लांबी वाचा: ६५ मिमीच्या जुन्या चेंबरमध्ये ७० मिमीचं काडतूस बसतं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा न मिळाल्याने दाब धोकादायक वाढतो. अर्थात आधी परवाना, मगच खरेदी. ठाणे आणि नवी मुंबईची पोलीस आयुक्तालयं वेगळी आहेत, अर्ज राहत्या पत्त्याप्रमाणे.