ख्रिस्ती ध्यानसंगीत आणि अंतःशांती : ऐकणे पुरेसे आहे का?

प्रश्न : खाडीकाठचा वाचक (कळवा)

सर्वांना सविनय नमस्कार. मी नोकरीसाठी रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या लोकलने घणसोलीला जातो. गेल्या पावसाळ्यात माझी आई गेली. आमच्या घरी दिवेलागणीला हरिपाठ होत असे आणि तो आईच म्हणत असे, त्यामुळे आता हरिपाठाचा पहिला शब्द कानावर पडला तरी माझा गळा दाटून येतो आणि मला तिथून उठावे लागते. कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ग्रेगोरियन गायन, म्हणजे ख्रिस्ती मठांतील जुने प्रार्थनागायन, ऐकण्यास सुचवले. भाषा लॅटिन असल्याने तिच्यात माझी एकही आठवण गुंतलेली नाही, आणि कदाचित म्हणूनच ते मला ऐकवते. ऐरोली, रबाळे मागे पडेपर्यंत मन खरोखर स्थिर होते. पण कानातले यंत्र काढले की तीच घालमेल पुन्हा सुरू होते, आणि रात्री तर ती फारच वाढते.

जाणकारांना माझे विचारणे असे की, हे संगीत केवळ ऐकून शांती टिकते का, की त्यासाठी आणखी काही करावे लागते? शिवाय मी ख्रिस्ती नाही. दुसऱ्यांच्या प्रार्थनेचा असा औषधासारखा उपयोग करणे अनुचित तर नाही ना, ही बोचही मनात आहे.

उत्तर : उपासनेतील एक गायिका (ठाणे पश्चिम)

दादा, आईविषयी वाचून मन भरून आले. मी मराठी प्रॉटेस्टंट घरात वाढले आणि गेली अनेक वर्षे आमच्या मंडळीत गाते आहे, म्हणून अनुभवातून लिहिते.

आपण ऐकता ते गायन मुळात श्रोत्यांसाठी रचलेले नाही. मठातील धर्मबंधू दिवसातून अनेकदा एकत्र येऊन बायबलच्या स्तोत्रसंहितेतील स्तोत्रे म्हणतात, त्या म्हणण्याचा हा सूर आहे. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी जे नियम घालून दिले, त्यांत आठवडाभरात सर्व १५० स्तोत्रे म्हणून पूर्ण करावीत असे सांगितले आहे, आणि म्हणताना आपले चित्त आपल्या वाणीशी जुळलेले असावे, असेही. हे दुसरे सांगणे मला फार मोलाचे वाटते, कारण त्यात वाणी आधी येते आणि चित्ताने तिच्यामागून जायचे असते. आपल्यासारख्या दुःखात असलेल्या माणसाला आधी मन शांत करून मग प्रार्थनेला बसणे जमत नाही. पण ओठांनी शब्द म्हणणे जमते.

दुसरी गोष्ट विरामाची. स्तोत्रांच्या मूळ हिब्रू काव्यात बहुतेक ओळींचे दोन भाग असतात आणि पहिल्या भागात जे म्हटले, तेच दुसरा भाग वेगळ्या शब्दांत पुन्हा म्हणतो किंवा पुढे नेतो. मठांतून ही ओळ गाताना मध्यावर थांबतात. सगळे एकदम थांबतात, श्वास घेतात आणि मग उरलेला अर्धा भाग उचलतात. नवीन माणसाला हा विराम अवघड जातो. मलाही गेला, कारण ओळ पूर्ण करण्याची आपल्याला घाई असते. माझ्या अनुभवाने सांगते, या गायनातील शांती सुरांपेक्षा त्या विरामात अधिक आहे, आणि तो विराम कानांनी मिळत नाही, स्वतःच्या छातीतच घ्यावा लागतो. म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, ऐकणे ही चांगली सुरुवात आहे, पण आता थोडे म्हणायलाही लागा.

म्हणण्यासाठी १३१ वे स्तोत्र घ्यावे असे सुचवते. ते अवघ्या तीन वचनांचे आहे आणि मराठी पवित्र शास्त्रात सहज सापडेल. त्यात कवी म्हणतो की, दूध तुटलेले मूल जसे आईजवळ निवांत असते, तसा माझा जीव माझ्या ठायी निवांत आहे. त्या मुलाला आता आईकडून काही नको असते, तरी ते तिच्याजवळ असते. हे वाचून आपल्याला त्रास होईल का, याचा मी बराच विचार केला आणि तरीही सुचवते आहे. त्रास झाला तर २३ वे घ्यावे.

गाण्यासाठी मराठी शब्द हवे असतील तर रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची भजने पाहावीत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगाच्या आणि भजनाच्या वाटेने मराठीत आणली, आणि आमच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून ती आजही गायली जातात. त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले, ते ओवीतच. वारकरी घरातल्या माणसाला हे परके वाटणार नाही.

अनुचिततेविषयी एवढेच सांगते की, आमच्या उपासनेत मागच्या बाकावर येऊन शांत बसणाऱ्याला आम्ही कधीही काही विचारत नाही.

उत्तर : संगीताचा विद्यार्थी (ऐरोली)

ताईंच्या विवेचनाला संगीताच्या बाजूने थोडी जोड देतो. ग्रेगोरियन गायनात ताल नसतो, साथ नसते, एकच स्वरावली सर्व जण मिळून गातात आणि लय शब्दांच्या उच्चारातून येते. ते आपल्या आलापाला जवळचे आहे. त्यातील आठ ‘मोड’, म्हणजे स्वरांचे ठरलेले साचे, आपल्या कानाला अनोळखी वाटत नाहीत याचेही कारण आहे. डोरियनचे स्वर काफी थाटाचे आहेत, फ्रिजियनचे भैरवीचे, तर मिक्सोलिडियनचे खमाजाचे. अर्थात थाट जुळला म्हणजे राग जुळला असे नव्हे. राग चलनातून उभा राहतो, आणि मोडचे चलन निराळे आहे.

एका बाबतीत मात्र ताईंशी माझे थोडे मतांतर आहे. लक्ष देऊन ऐकणे हीसुद्धा साधना होऊ शकते. अडचण अशी की, फोनवर एकामागून एक पन्नास रचना वाजत राहतात आणि मन त्यांच्यावर नुसते तरंगत राहते. आपण महिनाभर एकच रचना ऐकावी, दिवसातून एकदाच, आणि ती संपल्यावर लगेच दुसरी लावू नये. रबाळे ते घणसोली हे अंतर काहीही न ऐकता जाऊ द्यावे.

उत्तर : जपमाळेचा प्रवासी (नेरूळ)

मी कॅथलिक आहे. फ्रान्समधील तेझे या गावी ब्रदर रॉजर यांनी १९४० साली सुरू केलेल्या समूहाची गीते आपण अवश्य पाहावीत. तिथे अनेक देशांतून तरुण येऊ लागले आणि सर्वांना एकत्र गाता येईना, तेव्हा संगीतकार झाक बेर्तिए यांनी एकेका ओळीच्या सोप्या रचना केल्या, ज्या पुन्हा पुन्हा म्हटल्या जातात. त्या प्रार्थनेच्या मध्यभागी बराच वेळ पूर्ण शांतता असते. नामस्मरणाची सवय असलेल्या माणसाला हे आवर्तन सांगावे लागणार नाही.

श्वासाविषयी ताईंनी लिहिले त्याला शास्त्रीय आधारही आहे. इटलीतील संशोधकांनी २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २३ निरोगी व्यक्तींवरील अभ्यास प्रसिद्ध केला. लॅटिनमधून जपमाळ म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सुमारे ६ पर्यंत उतरते आणि हृदयाच्या लयीवर त्याचा अनुकूल परिणाम होतो, असे त्यात दिसले. विशेष म्हणजे त्याच अभ्यासात योगमंत्राचा परिणामही तोच आढळला. हरिपाठ आणि हे गायन यांतून एकच निवडावे लागेल असे आपण मानू नये, म्हणून हे सांगितले. मात्र झोप अनेक आठवडे येत नसेल तर डॉक्टरांना भेटण्यास कृपया विलंब करू नका; प्रार्थना त्याच्या आड येत नाही.

जाता जाता आठवले म्हणून लिहितो. ठाण्याच्या भूमीला ही स्तोत्रे नवी नाहीत. १३२१ साली या गावात संत फ्रान्सिस यांच्या पंथातील चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंना मृत्यू आला. नित्याची स्तोत्रे म्हणणे त्यांच्या व्रताचाच भाग होता.

खाडीकाठचा वाचक

आपल्या सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण आधी करून पाहायचे ठरवले होते. लोकलमध्ये म्हणणे जमले नाही, म्हणून सकाळी लवकर निघून मासुंदा तलावाच्या कठड्यावर दहा मिनिटे बसतो. १३१ वे स्तोत्रच घेतले. पहिले चार दिवस दुसऱ्या वचनाच्या पुढे जाता आले नाही. आता जाता येते. रबाळ्याच्या पुढे काहीही ऐकत नाही. डॉक्टरांनाही भेटून आलो.

परवा दिवेलागणीला हरिपाठाचा पहिला अभंग म्हणायला बसलो आणि ‘देवाचिये द्वारी’ एवढ्यावर आवाज थांबला. एरवी मी उठून गेलो असतो. या वेळी ओळीचा मध्य समजून श्वास घेतला आणि ‘उभा क्षणभरी’ म्हटले. त्यापुढे गेलो नाही.

ताई, एक विचारायचे राहिले. मध्यावरचा विराम नेमका किती असावा?

उपासनेतील एक गायिका

दादा, आम्ही मोजत नाही. शेजारी गाणाऱ्याचा श्वास पूर्ण झाल्याचे ऐकू येते, तेवढा. आपण एकटे म्हणत असाल तर स्वतःचा श्वास ऐकू येईपर्यंत थांबावे. रविवारी आलात तर मागच्या बाकावर माझ्या शेजारी बसा, म्हणजे सांगावे लागणार नाही.