भिंतीलगत चालणाऱ्या रोबोला कोन काढून द्यावा, की दोन अंतरांतला फरक पुरेसा आहे?

काटकोन (धागाकर्ता)

शाळांच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये आणि पॉलिटेक्निकच्या प्रकल्पांत भिंतीलगत चालणारा रोबो हमखास असतो. त्याच्या एका बाजूला पुढे आणि मागे असे दोन अल्ट्रासॉनिक (प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारे) सेन्सर बसवतात. पुढचे अंतर मागच्यापेक्षा जास्त आले, की रोबो भिंतीपासून दूर चालला आहे असे समजून चाकांचा वेग कमीजास्त करतात आणि बहुतेक कोड तेवढ्यावरच थांबतो. माझे ठाम मत असे आहे, की या दोन अंतरांवरून आधी कोन काढावा आणि पुढचे सगळे निर्णय त्या कोनावर सोपवावेत.

समजा, दोन सेन्सरमध्ये १५ सेंमी अंतर आहे, पुढचा ३२.६ सेंमी दाखवतो आणि मागचा ३०. मागच्या सेन्सरची रेषा जिथे भिंतीला टेकते, तिथून रोबोच्या बाजूला समांतर रेघ ओढली की काटकोन त्रिकोण मिळतो. त्याची संमुख बाजू २.६ आणि लगतची बाजू १५. गुणोत्तराचा टॅन इन्व्हर्स (ज्या कोनाचा टॅन तेवढा, तो कोन) घेतला की सुमारे ९.८ अंश येतात. त्याच कोनाच्या कोसाइनने ३० ला गुणले, तर भिंतीपर्यंतचे लंब अंतर साधारण २९.६ सेंमी आहे हेही कळते. उद्या दुसऱ्या रोबोवर सेन्सर २० सेंमी अंतरावर बसवले, तरी ‘१० अंश’ म्हणजे १० अंशच राहतात. नुसता फरक वापरणाऱ्याला मात्र सगळे स्थिरांक नव्याने जुळवत बसावे लागते.

सोल्डरगन

मी याच्याशी सहमत नाही. गणनेला वेळ लागतो, हा नेहमीचा आक्षेप मी घेणार नाही. रोबो चालवणाऱ्या आर्डुइनो ऊनो आर३ या बोर्डाच्या आठ बिटी प्रोसेसरमध्ये अपूर्णांकांसाठी वेगळे हार्डवेअर नाही हे खरे. पण ४ मीटरवरून प्रतिध्वनी परत यायला २३ मिलिसेकंद लागतात, आणि त्यापुढे एका टॅन इन्व्हर्सचा वेळ नगण्य आहे. माझा आक्षेप अचूकतेविषयी आहे. एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर ३ मिलिमीटरहून लहान फरक ओळखत नाही. १५ सेंमीच्या पायावर ३ मिलिमीटर म्हणजे एका अंशाहून थोडे जास्त, आणि दोन्ही सेन्सर विरुद्ध दिशांना तेवढेच चुकले तर दोन अंशांच्या वर. अशा वेळी ९.८ मधल्या दशांशाला काय अर्थ उरतो? शिवाय १५ अंशांच्या आत टॅन आणि कोन जवळजवळ सम प्रमाणात वाढतात. तफावत अडीच टक्क्यांच्याही आत राहते. फरकाला ज्या गुणकाने गुणून चाकांचा वेग ठरवतात, त्यात ती तशीही मुरून जाते.

खरा धोका भिंत संपते तिथे आहे. पुढच्या सेन्सरने अचानक ४०० सेंमी दाखवले, की ३७० चा फरक पाहून कोणालाही कळते की हे वाचन टाकून द्यायचे आहे. टॅन इन्व्हर्स मात्र त्याचे सुमारे ८८ अंश करून देतो. तो दिसायला वैध कोन असतो, आणि रोबो निमूटपणे त्यावर वळतो.

प्रतिध्वनी

दोघांच्याही मांडणीत एक गृहीतक न तपासता आले आहे: सेन्सर आपल्या नाकासमोरचे अंतर मोजतो. अल्ट्रासॉनिक सेन्सर तसे करत नाही. त्याचा आवाज शंकूसारखा पसरतो आणि सर्वांत आधी परतलेला प्रतिध्वनी तो नोंदवतो. ४० किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साडेआठ मिलिमीटरच्या आसपास असल्याने गिलावा केलेली भिंत त्याच्या लेखी आरसाच असते, आणि आधी परततो तो भिंतीवर लंब पडलेला किरण. म्हणून शंकूच्या मर्यादेत रोबो थोडा तिरका असला, तरी सेन्सर लंब अंतरच सांगतो. अशा स्थितीत १५ सेंमी हा त्रिकोणाचा कर्ण ठरतो, लगतची बाजू नव्हे, आणि टॅनऐवजी साइन इन्व्हर्स घ्यावा लागतो.

कोनावर याचा परिणाम किरकोळ आहे: ९.८ ऐवजी १० अंश. पण लंब अंतरासाठी पुन्हा कोसाइनने गुणणे ही सरळ चूक आहे, कारण मिळालेले अंतर आधीच लंब आहे. १५ अंशांच्या तिरकेपणाला १ मीटरवर तुम्ही भिंत साडेतीन सेंमी जवळ समजाल. भिंत त्याहून बरीच तिरकी झाली तर ध्वनी भलतीकडे परावर्तित होतो आणि हाती काहीच येत नाही.

काटकोन (धागाकर्ता)

प्रतिध्वनी यांचा मुद्दा माझ्या आग्रहाला बळच देतो. नुसता फरक वापरणाऱ्याला हा प्रश्न कधी पडलाच नसता. त्रिकोण काढायला बसले की कर्ण कोणता आणि बाजू कोणती हे विचारावेच लागते. व्हीएल५३एल०एक्स हा ९४० नॅनोमीटरच्या लेझरवर चालणारा सेन्सर लावला, तर गिलाव्यावरून प्रकाश सगळीकडे विखुरतो, अंतर बरेचसे समोरच्या रेषेतले मिळते, आणि तिथे टॅनचाच त्रिकोण लागू होतो. सोल्डरगन यांचा ४०० सेंमीचा मुद्दा योग्य आहे, पण तो कोनाविरुद्धचा नाही. वाचन वैध आहे की नाही, हे त्रिकोणात घालण्याआधीच तपासायचे असते.

भूमिती-दहावी

शिकवणारी म्हणून एक अडचण सांगते. राज्य मंडळाच्या दहावीला टॅन आहे. टॅन इन्व्हर्ससारखी व्यस्त त्रिकोणमितीय फले मात्र बारावीत येतात. लॅबमधली मुले त्यामुळे कोडमधली कोन काढणारी ओळ मंत्रासारखी उतरवून घेतात. मी त्यांच्याकडून आधी आलेखकागदावर प्रमाणात त्रिकोण काढून घेते, कोनमापकाने कोन मोजून घेते आणि मगच तो संगणकाच्या उत्तराशी ताडून पाहायला लावते. मनोऱ्याची उंची आणि उन्नत कोन यांच्यापलीकडे त्रिकोणमितीचा एवढा हाताशी असलेला उपयोग मला दुसरा सापडलेला नाही, आणि म्हणून कोन काढावा असेच माझे मत आहे.

सोल्डरगन

शिकवण्यासाठी काढावा, हे मला पूर्ण मान्य आहे. चालत्या रोबोबद्दल मात्र माझे मत तेच आहे, आणि त्याला आणखी एक कारण आहे. एकाचा प्रतिध्वनी दुसऱ्याने ऐकू नये म्हणून दोन्ही अल्ट्रासॉनिक सेन्सर आळीपाळीने चालवतात, आणि दोन मोजणींमध्ये सुमारे ६० मिलिसेकंद ठेवणे बरे असते. सेकंदाला ३० सेंमी वेगाचा रोबो तेवढ्यात १.८ सेंमी पुढे जातो. तो १० अंशांनी भिंतीपासून दूर चालला असेल, तर मागचे वाचन आधी आणि पुढचे नंतर घेतल्याने फरकात ३ मिलिमीटर उगाच वाढतात, म्हणजे पुन्हा एक अंशाहून अधिक. साइन की टॅन यावरची सगळी चर्चा याच्या पाचव्या हिश्श्याचीही नाही.

प्रतिध्वनी

ही चूक भरून काढता येते. मागचे, पुढचे, पुन्हा मागचे अशा क्रमाने वाचने घ्यावीत आणि मागच्या दोहोंची सरासरी पुढच्याशी ताडावी. वेग स्थिर असेल तर सरकण्याचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. त्यासाठी प्रत्येक कोनामागे आणखी ६० मिलिसेकंद खर्च करावे लागतात, आणि हळू चालणाऱ्या रोबोला ते परवडतात.