टाका मारा, पण जाळीच्या पाइपवर नको

‘सायलेन्सर फुटला की कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडून टाका मारून घ्या, नवा कशाला’ हे मागच्या डब्यापुरतं मला पटतं. तिथं आवाजापलीकडं फार बिघडत नाही. पण इंजिनाजवळ धुराच्या पाइपात जो जाळीचा लवचिक तुकडा असतो, त्याला हे लागू नाही. जुनं डिझेल इंजिन आयडलवर, म्हणजे गाडी उभी असताना नुसतं चालू असलं तरी, किती हलतं ते बघा. तो हादरा जिरवायलाच ती जाळी असते. माझ्या २००८च्या गाडीची जाळी फाटली, तेव्हा बीडच्या एका वेल्डिंगवाल्यानं तिथं साधा पाइप जोडून दिला. पक्कं काम म्हणून मीही खूश! दोन-अडीच महिन्यांत मांजरसुंब्याचा घाट चढताना ट्रॅक्टरसारखा फटफटाट सुरू झाला अन् एसीतून धुराचा वास यायला लागला. बॉनेट उघडलं तर मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करून पाइपात सोडणारा भाग) जोडापाशी काजळीचा काळा पंखाच उमटलेला. हादरा जिरायला जागा नाही, मग जोड तडकणारच. शिवाय टर्बोच्या (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) आधी गळती असली की गाडी ओढतच नाही, वर काळा धूर.

गळती सापडत नसेल तर गार इंजिन चालू करून मागच्या नळीवर जाड ओलं फडकं क्षणभर दाबा, कुठून फुसफुसतंय ते लगेच कळतं. अन् टाका मारायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला सांगा, वेल्डिंगवाले हमखास विसरतात. वास आत येत असेल तोवर काचा उघड्या ठेवूनच चालवा, मग ऊन का असेना.