मदत हवी आहे: ॲशच्या रेघांना पर्याय सुचवा

ठाण्यात बारावीला मानसशास्त्र शिकवते. गटाच्या दबावावर प्रात्यक्षिक घ्यायचंय. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲशचा १९५१ चा रेघांचा प्रयोग (कोणती रेघ नमुन्याएवढी लांब आहे ते मोठ्याने सांगायचं; आधी पढवलेले बाकीचे मुद्दाम चुकीचं सांगतात, तेव्हा न पढवलेला एकटा काय म्हणतो ते पाहायचं) मुलांनी वाचलाय, त्यामुळे रेघा दिसल्या की सगळे सावध होतात.

बरणीतल्या राजम्यांचा अंदाज करायला लावून पाहिलं. एकमेकांचे आकडे ऐकून अंदाज जवळ आले खरे, पण तिथे खरं उत्तर कुणालाच ठाऊक नसतं. इतरांना जास्त कळत असेल म्हणून मुलं सरकतात. मला हवंय ते वेगळं: उत्तर डोळ्यांसमोर असताना, एकटं पडायला नको म्हणून चुकीचं बोलणं. ॲशच्या प्रयोगात पढवलेल्यांपैकी एकाने जरी खरं उत्तर दिलं तरी दबाव झपाट्याने घटायचा. तो भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, तो दाखवायचाच आहे.

तास ३५ मिनिटांचा, प्रोजेक्टर नाही. काही मुलांना आधी पढवून ठेवता येईल. पालकांची संमती घेईन, शेवटी सगळं उघडही करेन; पण वर्गात कुणाचा पाणउतारा नको. उत्तरं मोठ्यानेच हवीत, चिठ्ठीवर लिहून घेतली की दबाव ओसरतो.

तर रेघांऐवजी असं कोणतं साधं काम द्यावं, ज्याचं उत्तर निर्विवाद असेल आणि मुलांना ॲश आठवणार नाही?